नडगीवरची जखम आणि तिचा तळ

एकाच वॉर्डात शेजारी शेजारी दोन खाटा. एका खाटेवर शेतकरी. ट्रॅक्टरखाली त्याच्या पोटरीची कातडी सोलून निघालेली, जखम वहीच्या उघड्या पानाएवढी. दुसऱ्या खाटेवर कॉलेजचा मुलगा, बाइकवरून पडलेला. घोट्याच्या थोडं वर नडगीवर जखम, तळहातापेक्षाही लहान. शेतकऱ्याचं ऑपरेशन तास-दीड तासात उरकतं. मांडीची पातळ कातडी काढून जखमेवर लावली की काम झालं. मुलाला मात्र सहा-सात तास थिएटरमध्ये ठेवावं लागेल असं सांगितल्यावर त्याचे वडील मला बाजूला घेतात. "डॉक्टर, एवढ्याशा जखमेला एवढं मोठं ऑपरेशन कशाला? काही लपवताय का?"

हा प्रश्न मला प्लॅस्टिक सर्जन म्हणून दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतं, आणि तो रास्तच आहे. त्याचं उत्तर जखमेच्या तळाशी असतं. शेतकऱ्याच्या जखमेच्या तळाशी लाल, ओलसर स्नायू होता, नुसता कापूस फिरवला तरी रक्त येणारा. मुलाच्या जखमेच्या तळाशी पांढरं, कोरडं हाड होतं आणि ते जोडायला बसवलेल्या प्लेटची कड चकाकत होती. मी त्या वडिलांना जखमेचा मोबाइलवरचा फोटो दाखवला आणि म्हटलं, "काका, ही जखम केवढी आहे ते बघू नका, तिच्यात खाली काय दिसतंय ते बघा."

नडगी अशी का?

गुडघ्याच्या खाली, पायाच्या पुढच्या आतल्या बाजूने बोट ठेवा आणि घोट्यापर्यंत आणा. सगळ्या वाटेवर बोटाला हाडच लागतं. वर कातडी, खाली हाड, मध्ये मांसाचा थर नाहीच. पलंगाच्या कोपऱ्यावर नडगी आपटली की डोळ्यांपुढे काजवे चमकतात ते यामुळेच. मागे पोटरीला भरपूर मांस आहे, पण तेही खाली येता येता निमुळतं होतं आणि घोट्याजवळ त्याच्या नुसत्या पांढऱ्या दोऱ्या उरतात. पुस्तकात त्यांना कंडरा म्हणतात, बोलताना आपण शिरा म्हणतो. पुढे मात्र मी शीर म्हणेन ती रक्त परत नेणारी वाहिनी. थोडक्यात, पायाच्या शेवटच्या वीतभर भागात हाड, दोऱ्या आणि वरून ताणून बसवलेली कातडी एवढंच असतं.

पोटाची कातडी चिमटीत येते, नडगीची येत नाही. पोटावरचा तुकडा गेला तर दोन्ही कडा ओढून टाके घालता येतात. नडगीवर तोच प्रयोग केला तर टाके पडतात खरे, पण तीन-चार दिवसांत कडा काळ्या पडतात आणि टाके कातडी कापत मोकळे होतात. आधी नाण्याएवढी असलेली जखम मग बशीएवढी होते. जबरदस्तीने टाके घालून बंद केलेली नडगी मी इतक्या वेळा पाहिली आहे की हे लिहितानाही मला त्रास होतो.

उघड्या हाडाचं आणखी एक दुखणं आहे. हाडावर एक पातळ जिवंत आवरण असतं, त्यातून हाडाला रक्त मिळतं. अपघातात ते सोलून निघालं आणि हाड हवेत कोरडं पडलं की त्याचा वरचा थर मरतो. मेलेल्या हाडात जंतू घर करतात. अँटिबायोटिक शिरेतून कितीही दिलं तरी ते रक्ताबरोबरच प्रवास करतं. जिथे रक्त जात नाही तिथे औषधही पोचत नाही. वर्षानुवर्षं पू येणाऱ्या, बुजली म्हणता म्हणता पुन्हा फुटणाऱ्या नडग्या अशा तयार होतात.

कातडी लावणं म्हणजे भाताची लावणी

मांडीची कातडी काढून पायाला लावतात हे बहुतेकांना ऐकून माहीत असतं. तिला आम्ही ग्राफ्ट म्हणतो. ज्यांनी कोकणात किंवा मावळात भाताची लावणी केली आहे त्यांना ग्राफ्ट समजावून सांगायला मला फार वेळ लागत नाही. रोप उपटलं की मुळं तुटतात. चिखलात खोचल्यावर दोन-तीन दिवस ते पिवळट दिसतं, मान टाकतं, मग नवी मुळं फुटतात आणि ते उभं राहतं. तेच रोप कातळावर ठेवलं तर दुपारपर्यंत वाळून जातं.

ग्राफ्टचंही तसंच. मांडीवरून कातडीचा जेमतेम पाव ते अर्धा मिलिमीटर जाडीचा पापुद्रा काढतात. काढल्या क्षणी त्याचा रक्तपुरवठा संपतो. पहिले एक-दोन दिवस तो जखमेतून पाझरणाऱ्या द्रवावर तग धरतो. मग जखमेतल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या त्याच्यातल्या वाहिन्यांना येऊन मिळतात, आणि पाचव्या दिवसापर्यंत त्यात रक्त खेळायला लागतं. म्हणून तळ जिवंत हवा. स्नायू चालतो, चरबी चालते, हाडावरचं आवरण शाबूत असेल तर तेही चालतं. आवरण नसलेलं हाड, उघडी कंडरा, स्टीलची प्लेट हे सगळं कातळ आहे. तिथे कातडी धरत नाही.

पाचव्या दिवशीचं ड्रेसिंग पाहण्यासारखं असतं. सिस्टर सलाइनने पट्टी भिजवून भिजवून एकेक थर सोडवते, घाई करत नाही, कारण शेवटच्या थराबरोबर कातडी उचलून यायला नको. वॉर्डबॉयसुद्धा मान वळवून बघत असतो. खालून फिकट गुलाबी, किंचित ओलसर, जाळीची नक्षी असलेली कातडी दिसली की "धरली" असं कुणीतरी म्हणतंच. ती जाळी आम्हीच पाडलेली असते. बारीक छेद दिले की कातडी ताणून मोठी जागा झाकता येते आणि खाली साचणारं रक्त, पाणी छेदांतून बाहेर येतं. ते खाली साचलं तर कातडी तळापासून उचलली जाते, आणि उचललेलं रोप जगत नाही. पहिले पाच दिवस पाय हलवू नका असं आम्ही बजावतो त्यामागे एवढंच कारण आहे.

आणखी एक गोष्ट, जी पेशंटला आधी कुणी सांगत नाही आणि मग तो घाबरतो. ज्या मांडीवरून कातडी काढली तिथे जखमेपेक्षा जास्त दुखतं. रस्त्यावर घसरून खरचटल्यासारखी ती आग असते. तिथली पट्टी चिकटलेली असेल तर ओढू नये. साधारण दोन आठवड्यांत खाली नवी कातडी आली की पट्टी आपोआप सुटते.

गड्ड्यासकट उचललेलं झाड

तळाशी कातळ असेल तर काय करायचं? तिथे असं काही आणावं लागतं की जे तळाच्या रक्तावर अवलंबून राहणार नाही, स्वतःचं रक्त स्वतःबरोबर घेऊन येईल. झाड मातीच्या गड्ड्यासकट उचलावं तसं. याला फ्लॅप म्हणतात. कातडी, तिच्याखालची चरबी, कधी स्नायू, आणि त्यांना रक्त पुरवणारी धमनी व परतीची शीर असा सगळा संसार एकत्र हलवतात.

ही कल्पना परदेशातून आलेली नाही, आणि तिच्या नोंदलेल्या इतिहासातलं एक मोठं पान पुण्याजवळचं आहे. १७९२च्या युद्धात इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक माणूस टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचं नाक व एक हात कापला गेला. सुमारे वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्यांच्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. मेणाचं नाक करून ते चपटं केलं, कपाळावर ठेवून भोवती रेघ आखली, तेवढी कपाळाची कातडी सोडवली आणि दोन भुवयांच्या मधली एक चिंचोळी पट्टी न तोडता ती खाली वळवून नाकाच्या जागी बसवली. पाण्यात भिजवलेला कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्यांनी ती चिकटवून धरली. सुमारे पंचविसाव्या दिवशी, नव्या जागी रक्त सुरू झाल्यावर, ती जोडपट्टी कापली. लंडनच्या एका मासिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकिगत चित्रासह छापून आली. ती वाचून पुढे जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये इंग्लंडात तसं ऑपरेशन केलं.

या सगळ्यातली खरी करामत त्या न तोडलेल्या चिंचोळ्या पट्टीत आहे. तिच्यातून रक्त येत होतं म्हणून कपाळाची कातडी वाटेत मेली नाही. आज पायावर आम्ही जे करतो त्याचा गाभा तोच आहे. विटा करणाऱ्या त्या माणसाचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही, याची मला कायम हळहळ वाटते.

पायाचे तीन भाग

गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचा पाय आम्ही मनातल्या मनात तीन भागांत वाटतो. वरच्या भागातलं हाड उघडं पडलं तर पोटरीचा वरवरचा मोठा स्नायू उपयोगी पडतो. त्याला गुडघ्याच्या मागून, अगदी वरून रक्त मिळतं. म्हणून त्याचा आतला अर्धा भाग खालून सोडवून, पुस्तकाचं पान उलटावं तसा पुढे आणता येतो आणि वर ग्राफ्ट लावता येतो. बाकीचे स्नायू चालण्याचं काम सांभाळून घेतात. मधल्या भागासाठी पोटरीच्या आतल्या थरातला स्नायू वापरतात. खालच्या तिसऱ्या भागात मात्र फिरवायला स्नायूच नाही. आमच्या कामातली खरी डोकेदुखी इथेच आहे.

खालच्या भागासाठी पूर्वी पायाला पाय बांधायचे. चांगल्या पायाच्या पोटरीची कातडी अर्धवट सोडवून जखमी पायावर शिवायची आणि दोन्ही पाय जवळजवळ तीन आठवडे एकमेकांना जखडून ठेवायचे. कूस वळायची नाही, शौचालाही खाटेवरच. जिथे बारीक रक्तवाहिन्या जोडायची सोय नाही तिथे आजही हे ऑपरेशन होतं आणि त्याने पाय वाचतात. पण पेशंटचे हाल पाहवत नाहीत.

१९८१ मध्ये स्वीडनच्या बेंग्ट पॉन्टेन यांनी एक साधी वाटणारी गोष्ट दाखवून दिली. पायाची कातडी उचलताना तिच्याखालचा पांढरा चिवट पडदा बरोबर उचलला तर बराच लांब तुकडा नीट जगतो, कारण त्या पडद्यालगत रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. त्याआधी पायावरचे असे फ्लॅप टोकाला काळे पडायचे म्हणून सर्जन त्यांना भीत असत. पुढे हेही उलगडलं की पायातल्या तीन मोठ्या धमन्यांमधून ठिकठिकाणी बारीक फांद्या वर कातडीकडे येतात. अशी एखादी फांदी जखमेच्या जवळ सापडली तर तिच्याभोवती कातडीचा लांबट तुकडा सोडवून तो पंख्याच्या पात्यासारखा फिरवता येतो, अगदी अर्ध्या वर्तुळापर्यंत. टाच आणि घोट्यासाठी पोटरीच्या मागच्या बाजूची कातडी खाली उलटवून आणायची पद्धत आहे. ती आपल्याकडे खूप चालते, कारण तिला सूक्ष्मदर्शक लागत नाही आणि जिल्ह्याच्या ठिकाणीही ती करता येते. तिची किंमत म्हणजे पावलाच्या बाहेरच्या कडेला बधिरपणा येतो आणि पोटरीवर ग्राफ्टचा डाग राहतो.

ज्या मुलापासून मी सुरुवात केली त्याच्यासाठी यातलं काहीच चालणार नव्हतं. जखम लहान असली तरी तिच्याभोवतीची कातडी चिरडलेली होती. तिला हलवणं म्हणजे आजारी माणसाच्या खांद्यावर ओझं देणं.

केसाहून बारीक टाके

अशा वेळी दुसऱ्या मांडीवरून किंवा पाठीवरून तुकडा पूर्ण सोडवून आणतात. त्याची धमनी आणि शीर कापतात आणि पायातल्या धमनीला व शिरेला सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. वाहिनी दोन-तीन मिलिमीटरची, टाक्याचा धागा केसाहून बारीक. एका जोडाला आठ-दहा टाके पडतात. एकही टाका समोरच्या भिंतीला पकडून बसला तर आत गुठळी होते आणि सगळा तुकडा जातो.

या तंत्राच्या सुरुवातीलाही मुंबईचं नाव आहे. जे. जे. रुग्णालयात काम करणारे डॉ. नोशीर अंतिया आणि त्यांचे सहकारी डॉ. बुच यांनी पोटावरची त्वचा-चरबी रक्तवाहिन्या जोडून दुसरीकडे बसवल्याची नोंद १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. दोन वर्षांनी ऑस्ट्रेलियातून डॅनियल आणि टेलर यांनी जांघेतला कातडीचा तुकडा पायावर असाच जोडल्याचं प्रसिद्ध झालं, आणि त्यानंतर जगभर हा प्रकार रुजला. अंतियांचं आयुष्य कुष्ठरोग्यांच्या हाता-पायांवर काम करण्यात गेलं. नव्या तंत्राचा मोठा गाजावाजा त्यांनी केला नाही. आपल्या विद्यार्थ्यांना हे नाव माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

ऑपरेशन संपलं म्हणजे काम संपलं असं इथे नसतं. पहिले दोन-तीन दिवस तुकड्यावर पहारा असतो. दर तासाला सिस्टर टॉर्च घेऊन येते. तुकडा कोमट आहे का ते हाताच्या पाठीने बघते, बोटाने दाबते आणि सोडते. दाबलेली जागा पांढरी होते आणि दोनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. पांढरी ती पांढरीच राहिली तर रक्त येत नाही, म्हणजे धमनी बंद. उलट सोडल्याबरोबर पटकन भरली आणि रंग जांभळट असला तर रक्त येतंय पण परत जात नाही, म्हणजे शीर बंद. शंका आली तर सुईचं टोक टोचून बघतात. लालभडक थेंब आला तर बरं, काळपट रक्त भसकन आलं तर फोन. फोन रात्री तीनला आला तरी निघावंच लागतं, कारण गुठळी लवकर काढली तर तुकडा वाचतो आणि सकाळची वाट पाहिली तर बहुधा जातो. आमच्या वॉर्डातल्या रात्रपाळीच्या सिस्टरने वेळेवर केलेल्या फोनमुळे किती पाय वाचले त्याची मोजदाद नाही.

दिवस मोजायचे

माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं वेळेबद्दल आहे. स्लोव्हेनियातल्या ल्युब्ल्याना शहरात मार्को गोदिना नावाचे सर्जन होते. १९८६ मध्ये, एका मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाल्यानंतर काही महिन्यांनी, त्यांचं काम प्रसिद्ध झालं. ५३२ रुग्णांचा हिशोब त्यात आहे. अपघातानंतर ७२ तासांच्या आत ज्यांची जखम झाकली त्यांच्यात फ्लॅप मरण्याचं प्रमाण ०.७५ टक्के होतं आणि जंतुसंसर्ग १.५ टक्के. तीन दिवसांनंतर ते तीन महिन्यांपर्यंत केव्हातरी झाकलेल्यांत हेच आकडे १२ टक्के आणि १७.५ टक्के झाले. पहिल्या गटातले लोक सरासरी २७ दिवस रुग्णालयात होते, दुसऱ्या गटातले १३० दिवस. ऑपरेशन तेच आणि करणारे हातही तेच होते. फरक कॅलेंडरचा होता.

आज सफाईची आणि ड्रेसिंगची साधनं सुधारली आहेत, त्यामुळे ७२ तासांची रेघ तितकी काटेकोर मानत नाहीत. आठवड्याच्या आत झाकलं तरी चांगले निकाल मिळतात. पण आपल्याकडे माझ्याकडे येणारी उघडी नडगी पुष्कळदा तिसऱ्या किंवा चौथ्या आठवड्यात येते. हाड जोडलेलं असतं, रोज ड्रेसिंग झालेलं असतं, "भरून येईल" म्हणून थांबलेले असतात. उघडं हाड आपोआप भरून येत नाही, आणि वाट पाहण्यात खर्च वाढत जातो. हाड जोडणारा सर्जन आणि जखम झाकणारा सर्जन या दोघांनी पहिल्याच दिवशी एकत्र पाय पाहायला हवा. कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलमध्ये डॉ. राजशेखरन आणि डॉ. राजा सबापती हे दोघे भाऊ, एक हाडांचे आणि एक प्लॅस्टिक सर्जन, हेच करत आले. पाय वाचवावा की नाही हे ठरवायला त्यांच्या रुग्णालयाने तयार केलेली गुणपद्धत आज जगभर वापरतात. तिच्यात कातडी, हाड आणि स्नायू-कंडरा यांना वेगवेगळे गुण देतात, म्हणजे कातडीला तिची जागा मिळते.

झाकण्याआधीची सफाईही तितकीच महत्त्वाची. मेलेला स्नायू फिकट दिसतो, चिमट्याने धरला तर आकसत नाही, कापला तर रक्त येत नाही. तो सगळा काढावा लागतो. नातेवाइकांना वाटतं डॉक्टरांनी जखम मोठी केली. हो, करतो. मेलेलं आत ठेवून वरून कितीही सुंदर फ्लॅप बसवला तरी पू त्याच्याखालून वाट काढतो.

आता सगळीकडे दिसणाऱ्या व्हॅकच्या मशीनबद्दल. जखमेत स्पंज, वरून प्लॅस्टिकचा पडदा, नळीतून सतत ओढ. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या आर्जेंटा आणि मोरिक्वास यांनी ही पद्धत मांडली. सूज उतरते, पाणी निघून जातं, रोजच्या ड्रेसिंगचा छळ वाचतो. मलाही ती आवडते. पण व्हॅक ही ऑपरेशनपर्यंतची धर्मशाळा आहे, मुक्कामाची जागा नव्हे. उघड्या हाडावर महिनाभर व्हॅक फिरवत ठेवणं म्हणजे तेच दिवस वाया घालवणं, फक्त महाग पद्धतीने.

काही पाय वाचवू नयेत, हेही सांगायला हवं. पावलाचा रक्तपुरवठा तासन्‌तास तुटलेला, स्नायूंचा चेंदामेंदा, इतर जखमांमुळे जीवच धोक्यात, अशा वेळी पाय कापणं हाही उपचारच असतो. अमेरिकेतल्या आठ मोठ्या केंद्रांनी केलेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गंभीर जखमी पाय वाचवलेले आणि कापलेले लोक दोन वर्षांनी साधारण सारख्याच अवस्थेत होते. चांगला कृत्रिम पाय लावून सहा महिन्यांत कामावर जाणारा माणूस आणि दहा ऑपरेशनांनंतर दुखरा, ताठर पाय ओढणारा माणूस, दोघेही मी पाहिले आहेत. निर्णय पेशंटला समजावून, त्याच्याबरोबर घ्यायचा असतो.

घरच्यांच्या हातात काय आहे?

पहिल्या तासात बरंच काही. स्वच्छ फडक्याने जखम घट्ट दाबून धरा, पाय लाकडाच्या फळीला किंवा दुसऱ्या पायाला बांधा म्हणजे हलणार नाही, १०८ला फोन करा. बाहेर आलेलं हाड आत ढकलू नका. हळद, चुना, तंबाखू, कोळशाची पूड, शेण यातलं काहीही जखमेत घालू नका. हे सगळं आम्हाला पुन्हा खरवडून काढावं लागतं आणि बरोबर चांगलं मांसही जातं. फडकं बांधण्याआधी मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा, म्हणजे प्रत्येक दवाखान्यात जखम उघडून दाखवावी लागत नाही. अँटिबायोटिकचा पहिला डोस आणि धनुर्वाताचं इंजेक्शन जिथे प्रथम पोचाल तिथेच मागून घ्या.

लहान मुलांबद्दल वेगळं सांगतो. बाइकवर मागे बसलेल्या मुलाची टाच चाकाच्या तारांत अडकते. पहिल्या दिवशी नुसतं खरचटल्यासारखं, थोडं निळसर दिसतं. मलम लावून घरी पाठवतात. पाच-सहा दिवसांनी टाचेमागची कातडी काळी, कडक होते आणि खाली चालण्याची मुख्य दोरी उघडी पडते. टायर पायावरून गेलेल्या माणसातही असंच फसवं चित्र असतं. कातडी वरून अखंड, पण आतून सुटलेली, हाताने सरकवली तर पिशवीसारखी हलणारी. चाकात किंवा चाकाखाली पाय गेला असेल तर जखम किरकोळ दिसली तरी रोज दाखवा.

आणि तंबाखू. सिगारेट, विडी, गुटखा, आणि आपल्याकडे घरोघरी बायका दातांना लावतात ती मिश्री, या सगळ्यातलं निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळतं. मिश्रीला तंबाखू कुणी समजत नाही, म्हणून "तंबाखू खाता का?" याला "नाही" असंच उत्तर येतं. मी आता सरळ मिश्रीचं नाव घेऊन विचारतो. साखरेचं आणि रक्तवाहिन्यांचं दुखणं असेल तर तेही लपवू नका, कारण त्यावर कोणता फ्लॅप करायचा हे ठरतं.

फ्लॅप जगला तरी तो सुरुवातीला फुगीर, पायावर उशी शिवल्यासारखा दिसतो. वर्षभरात बराच बसतो, नाही बसला तर नंतर चरबी काढून बारीक करता येतो. त्याला स्पर्श कळत नाही. थंडीत शेकोटीजवळ पाय धरून बसलेला पेशंट दुसऱ्या दिवशी फ्लॅपवर मोठा फोड घेऊन येतो, त्याला चटका कळलेलाच नसतो. गरम पाण्याची पिशवी, तापलेलं सायलेन्सर, बोचणारी चप्पल यांच्याबाबत डोळ्यांनीच राखण करावी लागते. ग्राफ्टला घामाच्या, तेलाच्या ग्रंथी नसतात, त्याला रोज खोबरेल तेल लावायचं.

तो कॉलेजचा मुलगा आठ-दहा दिवस पाय उशांवर उंच ठेवून झोपला होता. मग एके सकाळी त्याला खाटेच्या कडेला बसवलं आणि पाय पहिल्यांदा खाली सोडला. फ्लॅपच्या नव्या वाहिन्यांना खाली साचणाऱ्या रक्ताचा भार पेलायची सवय नसते, ती हळूहळू लावावी लागते. वडील घड्याळ धरून उभे. दुसऱ्या मिनिटाला तुकडा जांभळट होऊ लागला आणि मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी बोट ठेवून दाबलं, सोडलं, रंग परत आला. पाच मिनिटं झाली तसा पाय पुन्हा उशीवर घेतला, आणि जांभळेपणा हळूहळू उतरत गुलाबी होताना ते दोघे वाकून बघत राहिले. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं.